आम्ही चौघी टोकियोत

टोकियोहून परतल्यापासून भेटेल ती बाई मला दोनच प्रश्न विचारते. पहिला, "खाण्याचे हाल झाले असतील ना गं?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "एकूण खर्च किती आला?" तिसरा प्रश्न चेहऱ्यावर असतो, पण तो बहुतेकजणी गिळतात. चौघी बायका, बरोबर एकही पुरुष नाही, आणि घरच्यांनी जाऊ दिलं कसं?

खर्चाचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. नऊ दिवसांचं सगळं मिळून माणशी दीड लाखाच्या आत भागलं. २०२४ च्या नोव्हेंबरात, आम्ही गेलो तेव्हा, एक येन म्हणजे आपले साधारण पंचावन्न-छप्पन्न पैसे होते, आणि येन उतरलेला असल्याचा फायदा आम्हाला मिळाला. शिवाय आम्ही पक्कं ठरवलं होतं की एकच शहर बघायचं. बुलेट ट्रेन नाही, क्योतो नाही, फुजी पर्वताची सहल नाही. यात्रा कंपनीच्या बसमधून नऊ दिवसांत सात गावं बघून आलेल्यांचे फोटो मी पाहिलेत. सगळ्या फोटोंत बसची खिडकी आहे.

पैसे कुठून आले? भिशीतून. आम्ही चौघी एकाच भिशीतल्या. तीन वर्षं ज्याची त्याची उचल बँकेत टाकत गेलो. माझ्या वाट्यात मुलींच्या शाळेतला अर्धवेळ पगार आणि संध्याकाळच्या दोन शिकवण्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या." झाल्या असत्या, खोटं कशाला बोलू! आमचे हे म्हणाले, "आधी पासपोर्ट तर काढ," आणि मी तो काढल्यावर मात्र मुलांच्या डब्यांची जबाबदारी मुकाट्यानं घेतली. दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि शुक्रवारी रात्री आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढलो. मुंबईहून पुढे विमान.

आता मैत्रिणींची ओळख. अक्का आमच्या पूर्व भागातल्या, घरी यंत्रमाग, टॉवेलचा धंदा, बोलणं निम्मं तेलुगू निम्मं मराठी. शिवणवाल्या वहिनी घरी ब्लाउज शिवतात. काकू चौसष्ट वर्षांच्या, बालवाडीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. आणि मी. टोकियोच का, याला सरळ कारण एवढंच की माझी भाची तिथे निशी-कासाईत राहते. काकूंचं आणि माझं आणखी एक कारण होतं, ते मेजिरोला पोचल्यावर सांगेन.

निशी-कासाई म्हणजे एदोगावा विभागातली वस्ती. इथे संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभं राहिलं तर पाच मिनिटांत मराठी कानावर पडतं. २००० सालाच्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी आपली मुलं इथे येऊ लागली, कारण तोझाई मार्गाच्या गाडीनं इथून कचेऱ्यांच्या भागात थेट जाता येतं. मग त्यांच्या पाठोपाठ बायका आल्या, मुलं झाली, तूरडाळ आणि हिंग विकणारी दुकानं आली. तोक्यो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो. २०१९ साली याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानात निवडणूक जिंकल्याची ती पहिलीच वेळ. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. हे ऐकून माझ्यातली मास्तरीण फारच खूश झाली.

खाण्याचं म्हणाल, तर हाल झाले नाहीत, पण डोळ्यांत तेल घालून राहावं लागलं. जपानी स्वयंपाकात 'दाशी' नावाचं पाणी असतं. वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचा अर्क. ते सारात असतं, शेवयांत असतं, साध्या दिसणाऱ्या भाजीतही असतं. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. भाचीनं आम्हाला जपानीत एक चिठ्ठी लिहून दिली होती: मांस नको, मासे नकोत, माशाचं पाणीही नको. ती दाखवली की वाढणारी मुलगी गंभीर चेहऱ्यानं आत जायची, विचारून यायची, आणि बहुतेक वेळा हात जोडून नाही म्हणायची. खोटं 'चालेल' कोणी म्हटलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. सकाळी खोलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुपारी दुकानातला भाताचा त्रिकोणी लाडू, रात्री भाचीकडे वरण-भात, असा आमचा क्रम बसला. जाणाऱ्यांनी चटणी-भाकरी, मेतकूट, चिवडा जरूर न्यावा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र विमानतळावर काढून घेतात.

बारा तारखेला कार्तिकी एकादशी आली. सोलापूर जिल्ह्यातली बाई आणि कार्तिकीला टोकियोत! काकू सकाळपासून गप्पच होत्या. दुपारी उएनोत एका दुकानासमोर भाजक्या रताळ्यांचा वास आला. तापलेल्या खड्यांवर सालीसकट भाजलेली, आतून सोन्यासारखी पिवळी, मध घातल्यासारखी गोड. थंडीत जपानी लोक ती फार आवडीनं खातात. काकूंनी कागदी पिशवी दोन्ही हातांत धरली, पंढरपूरची दिशा विचारली (ती कोणालाच सांगता येईना, मग सूर्य बघून पश्चिम ठरवली), हात जोडले आणि उपास सोन्यासारखा पार पडला.

उएनोच्या तळ्याच्या मधोमध बेन्तेनचं देऊळ आहे. बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. चीनमार्गे बुद्धाच्या ग्रंथांबरोबर गेली आणि तिथेच नांदली. हातात वीणेऐवजी 'बीवा' हे तिथलं वाद्य. ती आता विद्येबरोबर धनही देते. सरस्वती आणि लक्ष्मी एकाच घरात नांदत नाहीत असं आपण म्हणतो, जपान्यांनी दोघींचं काम एकीवरच सोपवलं. देवळाच्या आवारात दगडी स्मारकं उभी आहेत. भाची एकेक वाचून दाखवत होती: हे चष्म्यांचं, हे स्वयंपाकाच्या सुऱ्यांचं. वापरून झिजलेल्या सुऱ्यांचे उपकार मानायचे म्हणून! शिवणवाल्या वहिनींना त्याहून मोठी गंमत पुढे आसाकुसाला कळली. तिथे दर ८ फेब्रुवारीला बायका वर्षभरात मोडलेल्या, बोथटलेल्या सुया देवळात आणतात आणि मऊ तोफूच्या वडीत खोचतात. वर्षभर जाड कापडातून गेली बिचारी, शेवटी तरी मऊ जागा मिळू दे. वहिनी म्हणाल्या, "खंडेनवमीला मी मशीनला हळदकुंकू लावते, पण सुईचा विचार कधी मनात आला नाही." 

आसाकुसाचं कान्नोनचं देऊळ टोकियोतलं सर्वांत जुनं. दोन कोळी भावांच्या जाळ्यात ६२८ साली मूर्ती आली अशी त्याची कथा. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. आपल्याकडून पुरुष म्हणून निघाले आणि चीन-जपानात पोचेपर्यंत बहुतेकांच्या मनात मायमाउली झाले. आताचं देऊळ १९५८ चं आहे. जुनं १० मार्च १९४५ च्या रात्रीच्या बाँबहल्ल्यात जळालं. त्या एका रात्रीत या भागातली सुमारे एक लाख माणसं गेली. तुम्ही आइस्क्रीम खात त्या रस्त्यानं चालत असता आणि हे ऐकता, तेव्हा थोडा वेळ काही बोलवत नाही.

देवळाकडे जाणारी गल्ली म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा. अक्का इतका वेळ सगळीकडे पाहुण्यासारख्या फिरत होत्या, इथे एकदम मालकीणबाई झाल्या. कारण 'तेनुगुई'चं दुकान! तेनुगुई म्हणजे पातळ सुती कापडाचा लांबट तुकडा, जवळपास तीन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद. हात पुसा, डोक्याला बांधा, बाटली गुंडाळा, भिंतीवर टांगा. अक्कांनी कडा बघितल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर शिवलंच नाही!" खरंच, दोन्ही टोकं कापलेली तशीच सोडलेली. दुकानदारीणबाईंनी भाचीकरवी सांगितलं की शिवण नसली की पाणी साठत नाही, कापड लवकर वाळतं, मळ धरत नाही. चार धुण्यांत थोडे दोरे सुटतात, मग थांबतात. "म्हणजे आपला पंचाच की," अक्का म्हणाल्या, आणि मग किंमत बघून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपला पंचा आपण फरशी पुसायला घेतो. त्यांनी त्यावर लाटा काढल्या, ससे काढले, मुळे काढले, आणि तो चौकटीत बसवायच्या लायकीचा केला.

सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानानं सांगतो. जपानातलं टॉवेलचं गाव म्हणजे शिकोकू बेटावरचं इमाबारी. १८९४ पासून तिथे टॉवेल विणतात. त्या रात्री खोलीवर अक्कांनी इमाबारीचा एक छोटा टॉवेल पाण्याच्या बादलीत सोडून बघितला, किती सेकंदांत बुडतो ते. मग आपला घरचा सोडला. निकाल त्यांनी मला सांगितला आहे, पण लिहू नकोस म्हणाल्या. एवढं सांगते की परतल्यावर त्यांच्या कारखान्यात धुलाईवर बरीच चर्चा झाली. त्याच रात्री अक्कांनी आम्हाला टोयोटाची गोष्ट सांगितली. टोयोटा म्हणजे मोटार, एवढंच आम्हाला ठाऊक. पण त्या घराण्याचा मूळ पुरुष साकिची टोयोदा हा मागवाला! धागा तुटला की आपोआप थांबणारा, धोटा आपोआप बदलणारा माग त्यानं १९२४ साली पुरा केला. त्याचा हक्क १९२९ साली इंग्लंडच्या कंपनीनं विकत घेतला, आणि त्या पैशावर मुलानं मोटारीचे प्रयोग सुरू केले असं सांगतात. "आमच्या मागवाल्यांनी पैसे आले की बंगले बांधले," अक्का म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी तेलुगूत म्हटलं, मग हसून मराठीत.

घरातल्या काही गोष्टी भराभर सांगते. न्हाणीघरात आधी बाहेर स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ करायची, मग गरम पाण्याच्या टबात नुसतं बसायचं. तेच पाणी सगळं घर वापरतं, म्हणून टबात साबण नाही. संडासाच्या चपला वेगळ्या, त्या घालून बाहेर आलं तर घरात हलकल्लोळ. रस्त्यावर कचऱ्याची पेटी जवळजवळ नसतेच, आपला कचरा आपल्या पिशवीत घरी न्यायचा, आणि तरी रस्ता आरशासारखा. सकाळच्या गर्दीत तोझाई मार्गाला बायकांचा वेगळा डबा असतो. मुंबईच्या लोकलइतकी गर्दी, पण आवाज नाही. शंभर बायका आणि कोणी बोलत नाही! आम्ही चौघी त्या डब्यात कुजबुजत होतो तरी आम्हाला आपण भांडतोय असं वाटत होतं. आणि शिंजुकूला महानगरपालिकेसारखी जी उंच दुहेरी इमारत आहे, तिच्या माथ्याजवळ २०२ मीटरवर फुकट जाऊ देतात. पैसे देऊन मनोऱ्यावर चढायची गरज नाही.

आता मेजिरो. १५ नोव्हेंबरचा दिवस आम्ही त्यासाठी राखून ठेवला होता. वासेदाहून जुनी ट्राम पकडली. टोकियो शहराची एकेकाळी सगळीकडे ट्राम होती, त्यातला हा एवढाच मार्ग उरलाय, घरांच्या परसदारांना घासत जाणारा. समोर एक आजी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी किमोनो घातलेली सात वर्षांची नात, पाय लोंबकळत, हातात लांब पिशवी. १५ नोव्हेंबरला तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नटवून देवाला नेतात, आणि हजार वर्षं जग म्हणून लांबलचक साखरेची कांडी देतात, ती त्या पिशवीत. वहिनींनी किमोनोचं कापड बोटांनी मोजलं, लांबूनच. कापड पन्ह्यानं अवघं सव्वा फुटाच्या आसपास, आणि बारा मीटरच्या एका तागातून मोठ्या बाईचा आख्खा किमोनो, तिरपं काही कापायचं नाही, सगळे सरळ पट्टे. उसवून धुवून परत शिवता येतो. "चिंधी वायाच जात नाही," वहिनी म्हणाल्या. त्या आजी आमच्या काकूंच्या इरकलीकडे बघत होत्या. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या पदराला आणि बाहीला हात लावून बघितला. भाषा लागली नाही.

उतरलो तिथे कीशिमोजिनचं देऊळ. १६६४ साली बांधलेलं लाकडी देऊळ, दारात सातशे वर्षांचं गिंको झाड नुकतंच पिवळं पडू लागलेलं, आणि आवारात १७८१ पासून चालू असलेलं गोळ्या-बिस्किटांचं टपरीएवढं दुकान. देवी कोण, तर आपली हारीती. कथा अशी की हारीती ही राक्षसीण. तिला शेकडो मुलं, आणि त्यांना पोसायला ती लोकांची मुलं पळवून न्यायची. बुद्धानं तिचं सर्वांत धाकटं मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत फिरली, तेव्हा बुद्ध म्हणाला, इतक्यांतलं एक गेलं तर तुझी ही दशा, जिचं एकच असेल तिचं काय? त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या मुलांची राखणदारीण झाली. टोकियोतल्या बायका मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं, मूल वाढावं म्हणून इथे येतात. देवळाच्या पाटीवर तिच्या नावातलं 'राक्षस' हे अक्षर आहे, पण त्याच्या डोक्यावरची बारीक रेघ काढून टाकली आहे. रेघ म्हणजे शिंग. राक्षसीण सुधारली, तर अक्षराचंही शिंग गेलं.

ही हारीती आपल्याकडे अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात बसलेली आहे, नवऱ्याशेजारी, मांडीवर मूल घेऊन. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा मी तिला बघितलं होतं. खाली पट्टीत गुरुजी छडी घेऊन बसलेत आणि मागच्या रांगेतली पोरं खेळतायत, ते बघून माझ्या मुली फार हसल्या होत्या. लेण्यातल्या तिला आज कोणी नवस बोलत नाही. आपल्याकडे ते काम सटवाई करते. टोकियोत मात्र तिच्यापुढे ताजी फुलं होती, आणि एक तरुण जोडपं किती तरी वेळ डोळे मिटून उभं होतं.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर जपान महिला विद्यापीठ.

काकूंचं आणि माझं कारण ते हे. महर्षी कर्व्यांना टपालानं एक छोटी पुस्तिका आली होती. टोकियोत जिन्झो नारुसे नावाच्या गृहस्थानं १९०१ साली मुलींसाठी काढलेल्या विद्यापीठाची ती माहिती. कर्व्यांनी चाळून बाजूला ठेवली. पुढे १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, भाषणात काय मांडावं हा विचार करताना ती पुस्तिका आठवली, आणि त्यांनी ती नीट वाचली. जून १९१६ मध्ये हिंगण्याला आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावानं पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हापासून ते नाथीबाई दामोदर ठाकरसींच्या नावानं ओळखलं जातं. लग्नानंतर, कडेवर मूल असताना, बाहेरून परीक्षा देऊन मी बी.ए. झाले ती याच विद्यापीठाची. कर्वे स्वतः सत्तरी ओलांडल्यावर जगाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा १९३० च्या एप्रिलात परतण्याआधी टोकियोला जाऊन ते विद्यापीठ बघून आले.

काकूंचं नातं माझ्याहून जुनं. त्यांच्या वडिलांची आत्या बालविधवा. बार्शीकडच्या खेड्यात केशवपन करून कोपऱ्यात बसवलेली. तिला भावानं रात्रीच्या गाडीनं हिंगण्याला पोचवलं. ती शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि म्हातारपणी काकूंच्या घरी राहून तिनं काकूंना मॅट्रिकपर्यंत रेटलं. कॉलेजात नाव घातलं त्याच वर्षी ती वारली, आणि पुढच्या वर्षी काकूंचं लग्न झालं. कॉलेज तिथेच राहिलं.

विद्यापीठाच्या मधून मोठा रस्ता जातो, दोन्ही बाजूंना इमारती. मुली घोळक्यानं बाहेर पडत होत्या, कोणाच्या हातात चित्रकलेची नळी, कोणाच्या कानात यंत्र. १९०६ सालचं लाकडी सभागृह अजून आहे. फाटकाजवळ नारुसेंच्या नावाचं छोटं संग्रहालय. भाचीनं तिथलं एक वाक्य आम्हाला समजावलं. स्त्रीला शिकवायचं ते आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग देशाची नागरिक म्हणून, असा नारुसेंचा क्रम होता. त्या काळच्या जपानात 'चांगली बायको, शहाणी आई' एवढंच मुलींच्या शिक्षणाचं ध्येय सरकार सांगत होतं, आणि बाकी पुष्कळ गोष्टींत नारुसेही त्याच चाकोरीत होते. आपल्या विद्यापीठावरही तेव्हा टीका झालीच होती, की बायकांसाठी सोपी, दुय्यम पदवी काढली म्हणून. काही अंशी ती बरोबर होती असं मलाही वाटतं. पण तो क्रम मात्र मी वहीत उतरवून घेतला. सोलापुरात अजून मुलीची फी भरताना बाप म्हणतो, "चांगलं स्थळ मिळेल." म्हणजे क्रम तिसरीकडूनच कुठून तरी सुरू होतो.

काकूंनी फाटकाशी चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. पहारेकरी घाबरलाच, त्याला वाटलं बाईंना चक्कर आली. भाचीनं त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि कमरेत वाकून काकूंना नमस्कार केला. "काय सांगितलंस गं?" काकूंनी विचारलं. भाची म्हणाली, "या माजी विद्यार्थिनीच्या नातेवाईक आहेत, असं सांगितलं." काकू तिथेच फुटपाथच्या कठड्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. आम्ही तिघी रस्त्याकडे बघत उभ्या राहिलो. घाई नव्हतीच.

दुपारी बसनं मेजिरो स्टेशन आणि तिथून गल्ल्यांतून म्योनिचिकानला गेलो, म्हणजे 'उद्याचं घर'. अमेरिकेच्या फ्रँक लॉइड राइटनं १९२१ साली मुलींच्या शाळेसाठी बांधलेली बुटकी, देखणी इमारत. शाळा पुढे शहराबाहेर गेली, इमारत राहिली. तिकिटाबरोबर चहा मिळतो, बसून प्यायचा. ही शाळा काढणारी मोतोको हानी म्हणजे जपानची पहिली बाई वार्ताहर. तिनं घराच्या मधोमध जेवणघर ठेवलं, आणि दुपारचं गरम जेवण मुलींनी स्वतः रांधावं असा नेम घातला. पण तिची मला जास्त जवळची ओळख म्हणजे ती आपल्यासारख्याच बायकांच्या मासिकाची संपादक. 'फुजिन नो तोमो', बायकांची मैत्रीण, हे मासिक १९०८ पासून त्या नावानं निघतंय. आणि १९०४ साली तिनं गृहिणींसाठी हिशेबाची वही छापली, 'काकेइबो'. ती अजून दर वर्षी छापली जाते. नोव्हेंबरात पुस्तकांच्या दुकानांत पुढच्या वर्षीच्या अशा वह्यांचे ढीग लागतात.

मी एक घेतली. वाचता काही येत नाही, पण रकाने कळतात. आपण महिनाअखेर बसून 'गेले कुठे पैसे' हे आठवत लिहितो. हानीबाईंच्या वहीत वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक खात्याचा आकडा ठरवायचा, मग रोजचा खर्च त्या आकड्यासमोर मांडत जायचं. जपानात नवऱ्यानं पगार बायकोच्या हाती द्यायचा आणि तिनं त्याला महिन्याचा हातखर्च द्यायचा, ही रीत पुष्कळ घरांत आहे. हे ऐकून अक्का आणि वहिनी फारच हरखल्या. पण भाचीच्या शेजारणीनं, जिनं पहिल्या मुलाच्या वेळी नोकरी सोडली ती परत मिळालीच नाही, तिनं हसत सांगितलं, "सगळ्यांचा हातखर्च मी ठरवते. माझा त्यात नसतो." नोकरीत बाई-पुरुष भेद नको हा कायदा तिथे १९८५ साली झाला, तरी ही गोष्ट आजची. माझ्या नव्या वहीत दूध, किराणा, फी, औषधं यांच्या ओळीत मी माझ्या नावाचा एक रकाना आखला आहे. आकडा लहान आहे. सासूबाईंनी तो बघितला आणि विचारलं, "यात काय येतं?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

शेवटच्या दिवशी गणपती झाला. आसाकुसाच्या मोठ्या देवळापासून नदीच्या कडेनं दहा-पंधरा मिनिटं चाललं की एका टेकाडावर मात्सुचियामाचं देऊळ लागतं. देव हत्तीच्या तोंडाचा, कांगितेन, म्हणजे आपला विनायकच. मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत, बंद ठेवतात. मोदक नाही, दूर्वा नाहीत. नैवेद्य मुळ्याचा! पांढरे शुभ्र, मनगटापेक्षा जाड मुळे देवापुढे ओळीनं मांडलेले, आणि देवळावर जिकडेतिकडे दोन मुळ्यांची एकमेकांना वेढा घातलेली नक्षी. मुळा आरोग्यासाठी आणि घरातल्या जोडप्याच्या सलोख्यासाठी, आणि कोरलेली पैशाची थैली धंद्यासाठी. अक्कांनी थैलीला नमस्कार केला, वहिनींनी मुळ्याला. आम्ही विकत घेऊन एक मुळा वाहिला. बाहेर पडताना एका पेटीत देवापुढून उतरलेले मुळे प्रसाद म्हणून ठेवले होते, ज्याला हवा त्यानं न्यावा. काकूंनी त्यातला बेताचा बघून पिशवीत घातला.

रात्री भाचीकडे त्याची अर्धी कोशिंबीर केली, दही घालून, वरून हिंग-मोहरीची फोडणी. अर्ध्याची पाल्यासकट हरभऱ्याची डाळ घालून भाजी. मुळा आपल्यापेक्षा पाणीदार निघाला आणि उग्रपणा कमी, त्यामुळे डाळ जरा जास्त लागली. शेंगाचटणीचा शेवटचा चमचा त्या पानात संपला.